तगर कुठे? : टिपणांची जोडणी

वाचताना काढलेले टिपण पुस्तकाच्या नावाखाली ठेवले, तर ते त्या पुस्तकापुरतेच राहते. प्रश्नाखाली ठेवले, तर दुसऱ्या ग्रंथातल्या टिपणाशी त्याची गाठ पडते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरविषयी वाचणाऱ्याला हे लवकर कळते, कारण तेरची साधने अनेक भाषांत विखुरलेली आहेत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ पैठणच्या पूर्वेला 10 दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे शहर असल्याचे सांगतो. तिथले कापड भडोचला जाई, असेही त्यात आहे. शिलाहार राजांच्या लेखांत 'तगरपुरवराधीश्वर' हे बिरुद येते. अभ्यासकांपैकी भांडारकरांना तगर म्हणजे धारूर वाटले, भगवानलाल इंद्रजींना जुन्नर. फ्लीटने 1901 मध्ये तेरचे नाव मांडले. या सगळ्या चिठ्ठ्यांचे शीर्षक एकच : 'तगर कुठे?'

चिठ्ठीवर वर ग्रंथाचे म्हणणे आणि पान, मग आडवी रेघ, रेघेखाली स्वतःचा शेरा. तेर पैठणच्या पूर्वेला नसून आग्नेयेला आहे, हा शेरा वाचणाऱ्याचा. तो रेघेच्या वर गेला, तर काही महिन्यांनी पेरिप्लसच्या नावावर खपतो. एक चिठ्ठी दुसरीला जोडताना नुसता तिचा क्रमांक, 'पाहा 14' असा, लिहून भागत नाही. 'पाहा 14 : अंतर पटते, दिशा नाही' असे लिहिले, तरच पुढे उपयोग होतो.

तेरच्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहून केलेली नोंदही याच पद्धतीची हवी. पाँपेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य सांगितले जाते, आणि पाँपेई इसवी सन 79 मध्ये राखेखाली गेले. त्यामुळे ही चिठ्ठी 'रोमशी व्यापार' या शीर्षकाखाली जाते, 'तगर कुठे?'खाली फक्त तिचा क्रमांक पुरतो.

मोह आवरावा लागतो तो वेगळ्याच ठिकाणी. तेर हे संत गोरोबा कुंभारांचे, गोरोबाकाकांचे गाव, आणि उत्खननातही तिथे खापरे निघाली. ही जोडी लोभस खरी, पण तिने एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. चिठ्ठ्या वेगळ्याच बऱ्या.

फ्लीटचे मत रूढ झाले म्हणून धारूर-जुन्नरच्या चिठ्ठ्या फाडायच्या नसतात. त्यांवर 'मागे पडले' असा शेरा आणि फ्लीटच्या चिठ्ठीचा क्रमांक येतो, म्हणजे जुन्या ग्रंथात तगर जुन्नरला भेटले तरी वाचणारा गोंधळत नाही.