स्वस्तातला मल्टिमीटर आतून कसा असतो?

दोस्तांनो, विज्ञान प्रदर्शनासाठी मल्टिमीटर घ्यायचाय? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलात, की दोन-तीनशे रुपयांत तळहाताएवढा एक मीटर मिळतो. नाव बहुधा ‘डीटी-८३०’. हा काही एकाच कंपनीचा नाही बरं का! चीनमधले कितीतरी कारखाने याच नावाने, याच ढाच्याचे मीटर बनवतात. मग तो टिकेल का? चला, मागचे स्क्रू काढून आत डोकावू. (आधी प्रोब काढून ठेवा हं!)

आतल्या पाटीवर डांबराचा थेंब पडावा तसा एक काळा ठिपका दिसेल. त्याखाली लपलंय मीटरचं डोकं. १९७० च्या दशकात इंटरसिल कंपनीने ‘७१०६’ नावाची आयसी काढली, तिच्याच घराण्यातलं. १९९९ पर्यंतचे आकडे ते दाखवतं, आणि खरं सांगायचं तर ते काम चोख करतं. नवा पेन्सिल सेल मोजून पाहा, दीड व्होल्टच्या जरासा वरच आकडा येईल.

काटकसर केलीय ती इतर ठिकाणी. गोल बटणाखाली पत्र्याच्या इवल्याशा पट्ट्या पाटीवर घासत फिरतात. त्या झिजल्या किंवा मळल्या, की आकडे नाचायला लागतात. पडदा पाटीला जोडायला वायरी नसतात, नुसती एक रबरी पट्टी दाबून बसवलेली असते. मीटर हातातून पडला की ती सरकते आणि ८ चा ३ दिसतो! प्रोबच्या वायरी तर मुठीपाशी आतल्या आत तुटतात. माझी तुटली, तेव्हा अख्खी संध्याकाळ मी चांगल्या सर्किटलाच दोष देत बसलो होतो. नऊ व्होल्टची बॅटरी उतरली, तरीही मीटर बिनदिक्कत चुकीचे आकडे दाखवतो.

हे सगळं चालवून घेता येईल. पण आता सांगतो ते आई-बाबांनीही वाचावं.

मीटरला तीन भोकं असतात. त्यातलं ‘१० ए’ लिहिलेलं जास्त करंट मोजण्यासाठी. त्याच्यामागे आत फक्त जाड तारेचा एक तुकडा असतो. बहुतेक स्वस्त मीटरांत तिथे फ्यूज नसतो. शेजारी बारीक अक्षरांत तसं छापलेलंही असतं. समजा, तुम्ही करंट मोजलात आणि लाल प्रोब तिथेच विसरलात. मग गोल बटण ७५० व्होल्टवर फिरवून प्रोब भिंतीवरच्या प्लगमध्ये घातले. काय होईल? बटण कुठेही असो, घरातले २३० व्होल्ट थेट त्या तारेतून धावतील. म्हणजे सरळ शॉर्ट सर्किट! ठिणगी उडेल, हात भाजेल, डोळ्यांनाही इजा होऊ शकेल. चांगल्या महागड्या मीटरांत इथे वाळू भरलेला चिनीमातीचा फ्यूज असतो. तो आतली ठिणगी आतच विझवतो.

तेव्हा सेल, एलईडी, छोट्या मोटारी यांच्यासाठी हा मीटर खुशाल घ्या. प्लगपाशी मात्र तो न्यायचाच नाही, ते काम इलेक्ट्रिशियनचं. माझ्या मीटरच्या ‘१० ए’वर तर मी चिकटपट्टीच लावून टाकलीय.