शेवाळाची रेघ आणि चित्राचा सातबारा

नेरूळच्या खाडीकिनारी ओहोटीला जा. जेट्टीच्या खांबांवर ठराविक उंचीपर्यंत कालवं आणि शेवाळ दिसेल, त्याच्या वर कोरडं काँक्रीट. भरतीचं पाणी नेहमी पोचतं तिथवरच शेवाळ तगतं. समुद्राने स्वतःच मारलेली ही खूण.

अशीच हिरवट रेघ व्हेनिसच्या कानालेत्तोने (1697-1768) कालव्याकाठच्या वाड्यांच्या पायथ्याशी रंगवून ठेवली. अंधाऱ्या पेटीतल्या भिंगातून इमारतीची प्रतिमा कागदावर पाडायची आणि ती गिरवायची, ही त्याची एक युक्ती. त्यामुळे प्रमाणं चोख. 2003 मध्ये शास्त्रज्ञ दारिओ कामुफ्फो आणि त्याच्या सहकाऱ्याने कानालेत्तो व त्याचा भाचा बेलोत्तो यांच्या चित्रांतली रेघ त्याच इमारतींवरच्या आजच्या रेघेशी ताडून पाहिली. मोटारबोटींच्या लाटांचा वाटा वजा केला, तरी पाणी सुमारे 60 सेंटिमीटर वर आलेलं. जमीन खचली होती आणि समुद्रही चढला होता. तिथली भरतीमापकाची नोंद 1872 पासूनची. चित्रांनी ती शतकाहून जास्त मागे नेली.

पण चित्र कुणाचं, कधीचं हे पक्कं नसेल तर ही मोजणी पाण्यात. कानालेत्तोची नक्कल करणारे काय कमी होते? म्हणून चित्राचाही सातबारा लागतो. जोसेफ स्मिथ हा व्हेनिसमधला इंग्रज व्यापारी, पुढे ब्रिटनचा कॉन्सल, चित्रं थेट कानालेत्तोकडूनच घ्यायचा. 1762 मध्ये त्याने ग्रंथालयासकट आपला संग्रह तिसऱ्या जॉर्जला 20,000 पौंडांना विकला. त्यातली कानालेत्तोची सुमारे 50 चित्रं आजही ब्रिटिश राजसंग्रहात आहेत. चित्रकार, स्मिथ, राजा. मधे एकही कोरा रकाना नाही.

आपल्या मुंबईचंही त्याच काळातलं तैलचित्र आहे. 1732च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने जॉर्ज लॅम्बर्ट आणि सॅम्युअल स्कॉट यांच्याकडून सहा ठाण्यांची चित्रं काढून घेतली, त्यातलं हे एक. मालकीचा कागद इथेही स्वच्छ. पण दोघांनी मुंबई पाहिलीच नव्हती, लंडनमध्ये बसून रंगवली! त्यातल्या लाटा देखण्या असतील, मोजायला मात्र निरुपयोगी.

मुंबई बंदरातली भरतीमापकाची नोंद 1878 पासूनची आहे. नेरूळच्या खांबांची नोंद तुम्हीही ठेवू शकता. ओहोटीला, दरवर्षी एकाच जागेवरून, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. आणि तारीख, वेळ, जागा आणि स्वतःचं नाव लिहायला विसरू नका.