कल्याण : बंदर, घाट आणि जंक्शन

कल्याण म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते स्टेशन. कर्जतची गाडी की कसाऱ्याची, एवढाच प्रश्न आपण तेथे विचारतो. परंतु हे दोन फाटे नेमके कल्याणलाच का फुटावेत, ठाण्याला किंवा डोंबिवलीला का फुटू नयेत, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. या साध्या प्रश्नाच्या उत्तरात कल्याणचा भूगोल आहे आणि गेल्या दोन हजार वर्षांचा इतिहासही आहे.

प्रथम भूगोल पाहू. उल्हास नदी राजमाचीच्या परिसरातील दऱ्यांत उगम पावते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर असा प्रवास करीत उत्तरेकडे येते. कल्याणच्या जरा वरच्या अंगाला तिला काळू नदी मिळते व काळूच्याच पाण्यातून भातसेचे पाणीही येते. येथून पुढे नदी पश्चिमेकडे वळते. समुद्राची भरती थेट येथपर्यंत चढत असल्यामुळे आपण नदीच्या या भागाला खाडी म्हणतो. ठाण्याजवळ ही खाडी दुभंगते. तिचा मुख्य प्रवाह वसईकडे जातो आणि दुसरा फाटा मुंबईच्या बंदराकडे.

आता या तीन नद्यांच्या खोऱ्यांतून वर सह्याद्रीकडे चला. उल्हासचे खोरे बोरघाटाच्या पायथ्याशी नेते, भातसेचे थळघाटाकडे, तर काळूच्या बाजूने मुरबाडवरून नाणेघाट व माळशेज घाट गाठता येतो. देशावरून कोकणात उतरणाऱ्या तीन वाटा जेथे एकत्र येतात, तेथेच समुद्राचे पाणीही येऊन भिडते. बैलांच्या पाठीवरचा माल गलबतात चढवायला याहून सोयीची जागा कोणती?

ही सोय प्राचीनांना चांगली ठाऊक होती. नाणेघाटात सातवाहनांचा प्रसिद्ध शिलालेख आहे आणि घाट चढून गेले की जुन्नर लागते. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या रहिवाशांचा उल्लेख आढळतो. लेण्यांना दान देण्याइतकी संपन्नता त्या काळी या गावात होती, हे त्यावरून उघड होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासपुस्तिकेत 'कल्लियेना' या नावाने आपले गाव येते. पूर्वी हे राजमान्य व्यापारी बंदर होते, परंतु सत्ता बदलल्यावर येथे येणाऱ्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेले जाते, असे तो सांगतो. नदी तीच, घाट तेच, तरीही बंदर ओस पडू शकले! भूगोल संधी देतो. ती राखायची की दवडायची, हे माणसे ठरवितात. कल्याणच्या इतिहासात हा धडा पुनःपुन्हा दिसतो.

बंदर पुढे पुन्हा नांदते झाले. सहाव्या शतकात कॉसमस नावाच्या लेखकाने येथून तांबे, लाकूड व कापड बाहेर जात असल्याचे नमूद केले आहे. इराणातून नेमलेला ख्रिस्ती धर्मगुरू येथे असल्याचेही तो लिहितो. जवळच वालधुनी नदीच्या काठी अंबरनाथचे शिवमंदिर आहे. शिलाहारांच्या काळातील त्याचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे.

१६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण व भिवंडी आदिलशाहीकडून जिंकून घेतली. खाडीकाठी दुर्गाडी किल्ला उभा राहिला आणि याच परिसरात मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजे बांधली गेली. सह्याद्रीच्या राजाला समुद्राचा दरवाजा हवा होता आणि तो त्याला कल्याणात सापडला. पेशवाईत सरसुभेदार रामाजी महादेव यांच्यासारख्या अधिकाऱ्यांमुळे कल्याण हे कारभाराचे मोठे ठाणे बनले.

इंग्रजी अमदानीत मोठी जहाजे मुंबईच्या खोल बंदरात लागू लागली आणि कल्याण बंदराचे महत्त्व ओसरले. गाव मात्र बुडाले नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला पोचलेली आगगाडी १ मे १८५४ रोजी कल्याणला आली. पुढे रुळांनाही बैलांच्याच वाटा धराव्या लागल्या. १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट रेल्वेने ओलांडला. आपल्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. जंक्शन इंग्रजांनी बांधले खरे, पण त्याची जागा नद्यांनी फार पूर्वीच निवडून ठेवली होती. याच सुमारास, १८६४ साली, येथे सार्वजनिक वाचनालय सुरू झाले आणि १८६५ च्या मार्चमध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म याच गावी झाला.

तेव्हापासून मात्र गावाचे तोंड फिरले. जे गाव खाडीकडे पाहत होते ते स्टेशनकडे पाहू लागले. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले व १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नदीचेच नाव मिळाले. कारखाने आले, चाळी व इमारती वाढल्या, १९८३ मध्ये महानगरपालिका झाली. नदी मात्र सांडपाणी सोडण्याची मागची बाजू ठरली. वालधुनीत सोडलेल्या रसायनामुळे २०१४ च्या नोव्हेंबरात उल्हासनगरच्या शेकडो रहिवाशांना श्वासाचा त्रास होऊन रुग्णालयात जावे लागले. आणि आपल्या नळाला येणारे पाणी कोठले? ते याच उल्हास नदीतून उचलले जाते.

विसरलेली नदी अधूनमधून आपली आठवण करून देते. २६ जुलै २००५ चा महापूर येथील घराघरात सांगितला जातो. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुराने वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेसला वेढा घातला आणि हजारभर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. अतिवृष्टी आणि भरती एकाच वेळी आली की पुराच्या पाण्याला उतरायला वाट राहत नाही. अशा वेळी पाणी पसरायचे कोठे? काठच्या सखल जमिनीवर. आणि नेमक्या त्याच जमिनीवर आपण भराव घालीत आहोत.

सत्ता बदलली म्हणून एकेकाळी कल्याणचे बंदर ओस पडले, पण नदी शाबूत असल्यामुळे ते पुन्हा उभे राहू शकले. आज बंदर जाऊन जंक्शन आले आहे, आणि या वेळी दवडली जात आहे ती नदीच. ती गेली तर पुन्हा उभे राहायला आधार कशाचा? कर्जत की कसारा, हे पाहण्यासाठी फलाटावर थांबाल तेव्हा एवढे जरूर आठवा, की हे दोन्ही फाटे मुळात पाण्याचे आहेत.