मोटारसायकलीचे शॉकॉप : थोड्या खर्चात काय सुधारता येते



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या पाणंदींचे काय होते हे आम्ही सांगायला नको. भरलेल्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पडतात, मधे वरंबा उभा राहतो, डांबरी सडकेवर चिखलाचे गोळे आणि सांडलेला ऊस. याच वाटेने सभासद दुधाचे कॅन लावून डेअरी गाठतात, खताचे पोते आडवे टाकून शिवारात जातात. आमचे चिटबॉय आणि शेती मदतनीस तर दिवसभर गाडीवरच असतात. ऊस नोंदीला गट ऑफिसात येणारे कितीतरी जण गाडीवरून उतरताना आधी कंबर धरतात. विचारावे तर उत्तर ठरलेले : "शॉकॉप गेल्यात साहेब, आता गाडीच बदलाय लागतीया."

गाडी बदलायची गरज बहुतेक वेळा नसते. नवे महागडे शॉकॉप घ्यायचीही नसते. आधी काय तपासावे आणि पैसा कशावर घालावा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

शॉकॉपमध्ये दोन वस्तू दोन वेगळी कामे करतात. स्प्रिंग वजन पेलते. पण नुसती स्प्रिंग एकदा दबली की नाचत राहते. ते नाचणे आतले तेल थांबवते. फवारणी पंपाचा दांडा ओढताना नोझल बारीक असेल तर हाताला जोर लागतो, तसेच येथे तेल बारीक भोकांतून जाताना अडते आणि दणका जिरतो. तेल गळून गेले म्हणजे स्प्रिंग शाबूत असूनही गाडी उड्या मारते. पुढच्या चाकाच्या दोन पाइपांतही हीच रचना आहे. तेलाने दणका जिरवणारे असे पाइप जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. कंपनीने १९३५ साली विक्रीच्या गाड्यांना बसवले. आपल्या शंभर सीसीच्या गाडीचे पाइप आजही त्याच तत्त्वावर चालतात.

हा केवळ कंबरेचा प्रश्न नव्हे. ब्रेक लागतो तो टायर रस्त्याला टेकलेला असेल तेव्हाच. चाक उड्या मारत असेल तर जेवढा वेळ ते हवेत, तेवढा वेळ ब्रेक दाबला काय न दाबला काय सारखेच. अंधारात, समोरून बिनदिव्याची ट्रॉली येत असताना हा फरक फार मोठा ठरतो.

प्रथम बिनखर्चाची कामे. टायरमधील हवा पाहावी. एकट्यासाठी आणि दोघांसाठी हवेचे आकडे वेगवेगळे असतात, ते चेनकव्हरवरच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असतात. हवा जास्त ठेवून दणके बसतात आणि दोष शॉकॉपला जातो, असे पुष्कळदा दिसून येते. गादीही दाबून पाहावी. आतला फोम बसला असेल तर कोणतेही शॉकॉप घाला, हाडाला पत्राच लागणार.

नंतर मागच्या शॉकॉपच्या खाचा. स्प्रेंडरसारख्या बऱ्याच गाड्यांना अशा पाच खाचा असतात. टूलकिटमधल्या वाकड्या पान्याने त्या फिरतात, पण गाडी घेतल्यापासून कित्येकांनी त्यांना हात लावलेला नसतो. खाच वाढवली की स्प्रिंग कडक होते असा समज आहे. स्प्रिंग तीच राहते. मागची बाजू वर उचलली जाते आणि चाकाला दबायला जागा मिळते, इतकेच. जागा किती हवी ते टेपने मोजता येते. गाडी मधल्या स्टँडवर, मागचे चाक अधांतरी ठेवून आसापासून वर गादीखालच्या एखाद्या खुणेपर्यंत अंतर घ्यावे. मग गाडी खाली घेऊन नेहमीच्या वजनासह बसावे आणि दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजावे. चाकाची एकूण चाल आठ-दहा सेंटिमीटर धरली तर अडीच-तीन सेंटिमीटर फरक ठीक. याहून फार जास्त असेल तर खाच वाढवावी. दोन्ही बाजूंची खाच एकच हवी.

चाळीस लिटरचे दोन भरलेले कॅन म्हणजे ऐंशी किलोच्या वर भार, तोही आसाच्या मागे लोंबणारा. त्याने मागचे बसते आणि पुढचे चाक हलके होऊन हँडल लुळे पडते. डेअरीला जाताना शेवटच्या खाचेवर आणि परत आल्यावर दुसऱ्या खाचेवर, हा पाच मिनिटांचा उद्योग आहे. कॅन जितके पुढे आणि खाली बांधता येतील तितके बांधावे. खताचे पोते मात्र टाकीवर घेऊ नये, हँडल वळत नाही.

आता खर्चाची कामे. पहिला पैसा पुढच्या पाइपांवर घालावा, असे आमचे मत आहे. पाइपावर तेलाचा ओघळ दिसला, किंवा ब्रेक लावताच पुढचे तोंड खाली आपटले, तर ऑइल सील आणि तेल बदलावे. हा खर्च साधारण युरियाच्या दोन-तीन पोत्यांइतका येतो. पुस्तिकेत लिहिलेलेच तेल, लिहिलेल्याच मापाने, दोन्ही पाइपांत सारखे. इंजिनातून काढलेले काळे तेल ओतणारे महाभाग आहेत, त्यांच्याकडे गाडी देऊ नये. जास्त तेल भरल्याने पाइप कडक होतो खरा, पण आतल्या हवेला जागा न उरल्याने सील फुटते. पाइपावर चिखल वाळू देऊ नये. तो कानशीप्रमाणे सील कापतो. रबरी बूट बसवून घेतले तर फारच उत्तम.

मागचे चाक धरून आडवे हलवावे. खडखड झाली तर चिमट्याचे बुश गेले. ठरलेला बुश मिळाला नाही तर उद्यमनगरात लेथवर कातून मिळतो. हा दोष ठेवून नवे शॉकॉप घालणे म्हणजे पैसे वाया.

एवढे करूनही गादी दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा वरखाली झाली, तर मागचे शॉकॉप खरोखर संपले. जोडी बदलावी, एकच नको. मूळ मापाची साधी जोडी डीएपीच्या एका-दोन पोत्यांच्या किमतीत बसते. गॅसच्या शॉकॉपमध्ये नायट्रोजनच्या दाबामुळे तेलाला फेस येत नाही. रोज लांब, खराब रस्त्याने जाणाऱ्यास त्याचा उपयोग आहे, गावापासून मळ्यापर्यंत जाणाऱ्यास नाही. तरुण मंडळी उंच शॉकॉप घालून मागची बाजू वर काढतात. त्याने हँडल चंचल होते आणि चेनचा ताण बिघडतो. दुसऱ्या भारी गाडीची कडक स्प्रिंग घातली तर एकट्या माणसाला आधीपेक्षा जास्त दणके बसतात.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत शिरोळ, करवीर, हातकणंगले भागांतील अनेक गाड्या पाण्याखाली होत्या. अशा गाडीचे इंजिन ऑइल बदलतात, पण पुढच्या पाइपांचे तेल कोणी पाहत नाही. ते काढल्यावर दुधट निघाले तर आत पाणी गेले आहे असे समजावे. पाइप उघडून, धुऊन, नव्या सीलसह तेल भरावे, नाहीतर आतून गंज चढून पाइपच बदलावा लागतो. पुरातली गाडी विकत घेणाऱ्यांनी व्यवहारापूर्वीच हे तेल काढून पाहावे.