माहिती चौकट : कुत्रं पळतं, मग नाव प्रशिक्षकाचं का?

ब्रिटनमध्ये यांत्रिक सशामागे धावणाऱ्या ग्रेहाऊंडच्या नियमित शर्यती 24 जुलै 1926 रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर सुरू झाल्या. आता एका शर्यतीत साधारणपणे सहा कुत्री. पहिल्याला लाल जाकीट, दुसऱ्याला निळं, सहाव्याला काळे-पांढरे पट्टे. पळणारं कुत्रं, मग श्रेय प्रशिक्षकाला कसलं, ही शंका रास्तच आहे. तिचं उत्तर प्रशिक्षक चार्ली लिस्टर यांच्या कारकिर्दीत सापडतं. 1997 ते 2013 या काळात त्यांनी इंग्लिश ग्रेहाऊंड डर्बी ही शर्यत सात वेळा जिंकली, तीही सहा वेगवेगळ्या कुत्र्यांसह; दोनदा जिंकला तो एकटा रॅपिड रेंजर, 2000 आणि 2001 मध्ये. चांगलं रक्त पैसे टाकून मिळतं, असं कुणी म्हणेल. मिळतंही. पण कुत्र्याचा उमेदीचा काळ दोन-तीन वर्षांचा, आणि यश सोळा वर्षं टिकलं; म्हणजे खुराक, मालिश, सराव आणि दुखापतीची पारख यांचा वाटा मान्य करावाच लागतो.

महाराष्ट्रातला कारवानी कुत्रा याच जातकुळीचा, नजरेनं शिकार हेरणारा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला घेऊन होणाऱ्या शिकारीवर निर्बंध आले. प्राण्यांच्या शर्यतींपैकी धरणगावच्या वाचकाला जवळची ती बैलगाडी शर्यत; राज्याच्या त्याबाबतच्या कायद्याला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 18 मे 2023 रोजी वैध ठरवलं.