लांबचा पल्ला, भाग ७ : घाटातला पंखा, सकाळची बॅटरी

चिपळूणला लॉजखाली सकाळी सहा वाजता सामान बांधून झालं, बटण दाबलं, तर नुसतं 'कट कट कट'. जमलेल्या तिघांपैकी दोघांनी लगेच निदान केलं, "बॅटरी गेली, नवी टाका." तिसऱ्याने काही न बोलता धक्का मारला आणि गाडी सुरू झाली.

आदल्या संध्याकाळी परशुराम घाटात तासभर कोंडीत अडकलो होतो. लिक्विड कूल्ड गाडी अशी उभ्याने तापली, कुलंट शंभर अंशांच्या आसपास गेलं, की रेडिएटरचा पंखा सुरू होतो. काही अंश उतरले की थांबतो, पुन्हा सुरू होतो. हा बिघाड नव्हे. पण पंख्याला ३-४ अँपिअर लागतात. हेडलाइट बंद करायची सोय नाही. एप्रिल २०१७पासून आपल्याकडच्या नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबरच पेटतो. त्यात मी हौसेने लावलेले दोन फॉग लॅम्प, प्रत्येकी २० वॅटचे, म्हणजे आणखी सव्वातीन अँपिअर. शिवाय मोबाइलचा चार्जर.

आता जमेची बाजू. मॅग्नेट क्रँकवरच बसवलेला असतो, म्हणून वीज इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून. हायवेला ती भरपूर, आयडलिंगला मात्र जेमतेम. जे कमी पडलं ते बॅटरीने दिलं, आणि घाट संपताच चिपळूण आलं. भरपाई व्हायला रस्ताच उरला नाही.

एका तासाच्या कोंडीने धडधाकट बॅटरी एवढी उतरत नाही, हे मलाही माहीत होतं. म्हणून घरी आल्यावर गाडी रात्रभर चार्जरवर ठेवली, काढून काही तास तशीच राहू दिली आणि मल्टिमीटर लावला. १२.७ व्होल्ट. सेल्फ मारताना आकडा दहाच्या खाली गेला नाही. बॅटरी निर्दोष सुटली. मग इंजिन चालू करून चार-पाच हजार फेऱ्यांवर पाहिलं: १४.२. म्हणजे कॉइल आणि रेग्युलेटरही ठीक. इथे आकडा १३च्या आसपास रेंगाळला असता तर नवी बॅटरीही महिन्याभरात उतरली असती.

उरली चोरी. चावी बंद, निगेटिव्ह केबल सोडवली आणि मीटर केबल व टर्मिनलच्या मधे जोडला, १० अँपिअरच्या रेंजवर. (मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जातो. माझा एकदा गेलाय.) घड्याळ वगैरेसाठी एक-दोन मिलिअँपिअर चालतात. माझ्याकडे ५० दिसले. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, आणि बॅटरी आठची. सहलीआधी गाडी तीन दिवस उभी होती. निघालो तेव्हाच निम्मी रिकामी होती. मुंबई-गोवा रस्त्याने थोडी भरली, घाटाने ते परत घेतलं. फ्यूज एकेक काढत गेलो, आकडा हलेना. मग लक्षात आलं, जीपीएस ट्रॅकरची वायर फ्यूज बॉक्समधून न नेता थेट बॅटरीला जोडलेली. ती सोडवताच मीटर दोनवर आला.

पंख्याचं निदान त्या मानाने सोपं. चावी बंद केल्यावरही काही गाड्यांचा पंखा मिनिटभर फिरतो, घाबरू नका. अर्ध्या तासानेही थांबला नाही तर रिले चिकटलाय. अजिबात फिरत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले, मग पंख्याचा कनेक्टर काढून त्याला थेट १२ व्होल्ट द्या. फिरला तर दोष सेन्सर किंवा वायरिंगमध्ये. आणि मोकळ्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने जातानाही पंखा घरघरत असेल, तर मला ते सगळ्यात खटकतं, कारण तिथे समोरचा वाराच पुरायला हवा. रेडिएटरच्या जाळीत चिखल बसलाय का पाहा, आणि गाडी पूर्ण थंड असताना कुलंटची पातळी बघा. गरम गाडीचं झाकण उघडू नका. जाळी धुताना प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारला तर पत्रे वाकतात, आणि मग वारा कायमचाच अडतो.

फॉग लॅम्प अजून आहेत. कोंडी दिसली की मी ते आधी बंद करतो. ट्रॅकर आता रिलेवर आहे, चावीबरोबर झोपतो.

पुढच्या आठवड्यात : क्लचची केबल तुटली तर.