निसर्गाचे स्थिरांक आणि सजीवसृष्टी : एका प्रश्नाचा मागोवा

गुरुत्वाकर्षणाची तीव्रता, इलेक्ट्रॉन व प्रोटॉन यांच्या वस्तुमानांचे गुणोत्तर, विद्युतचुंबकीय बलाची ताकद सांगणारा सूक्ष्मसंरचना स्थिरांक (सुमारे १/१३७) ही निसर्गाची मूळ मापे आहेत. ती कोणत्याही सिद्धांतातून निघत नाहीत, मोजावीच लागतात. यांतली काही थोडी निराळी असती तर ताऱ्यांत कार्बन साठला नसता आणि सजीवसृष्टीही उभी राहिली नसती. हा मेळ का बसला, या प्रश्नाच्या इतिहासात पुण्यातल्या आणि जुन्नरच्या पठारावरच्या संशोधनाचा वाटा मोलाचा आहे.

प्रश्नाला धार आली ती १९५३ मध्ये. ताऱ्यांच्या गाभ्यात हेलियमची तीन केंद्रके मिळून कार्बन बनतो. पण पहिल्या दोहोंतून बनणारे बेरिलियम-८ सेकंदाच्या एक कोटी कोटीव्या भागाइतकेही टिकत नाही. तरीही विश्वात कार्बन मुबलक आहे. त्या अर्थी कार्बनच्या केंद्रकाला एका ठरावीक जागी ऊर्जापातळी असलीच पाहिजे, असे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी सांगितले, आणि कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत ती ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टला सापडली. ऑक्सिजनची कथा नेमकी उलटी. कार्बन व हेलियम यांची एकत्रित ऊर्जा ७.१६, तर ऑक्सिजनची जवळची पातळी ७.१२, म्हणजे किंचित खाली. त्यामुळे सगळा कार्बन ऑक्सिजनमध्ये जळून जात नाही. हॉईल त्या वेळी ताऱ्यांतल्या मूलद्रव्यांचा हिशेब जुळवत होते; जीवसृष्टीशी त्याचा संबंध ठळकपणे जोडला गेला तो नंतर.

कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये याच हॉईल यांचे विद्यार्थी. दोघांनी १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. गुरुत्वस्थिरांक काळाबरोबर कमी होत असावा, ही भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक यांची १९३७ ची कल्पना पुढे त्यांच्या विचारातही आली. चंद्रावरच्या आरशांवर लेसर सोडून घेतलेल्या मोजमापांनी मात्र असा बदल वर्षाला दहा लाख कोटींत फार तर काही भाग असू शकतो, इतकी कडक मर्यादा घातली.

१९७३ मध्ये ब्रँडन कार्टर यांनी ‘मानवी तत्त्व’ मांडले : निरीक्षक जिथे असू शकतात, तिथलेच विश्व त्यांना दिसणार. तर्क बिनचूक आहे, पण त्यातून स्थिरांकांची किंमत कळत नाही. अनेक विश्वे मानली तर उत्तर मिळते, मात्र ती तपासायची सोय नाही. प्रयोगाच्या आवाक्यात येणारा प्रश्न एकच उरतो : हे स्थिरांक सर्वत्र आणि सर्वकाळ सारखेच आहेत का?

१९९९ मध्ये जॉन वेब आणि सहकाऱ्यांनी दूरच्या क्वेसारांच्या (अतितेजस्वी दीर्घिका-केंद्रांच्या) प्रकाशावरून, सूक्ष्मसंरचना स्थिरांक पूर्वी लाखात सुमारे एक भाग कमी होता, असा दावा केला. तो खरा ठरता तर जीवनानुकूल नियम ही फक्त इथली, आजची बाब ठरली असती. नारळीकरांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतील रघुनाथन श्रीआनंद, हुम चंद आणि फ्रेंच सहकाऱ्यांनी चिलीतल्या दुर्बिणीने अशा प्रकाशाच्या वाटेतल्या वायुमेघांच्या २३ शोषणप्रणाली तपासल्या. २००४ च्या त्यांच्या निष्कर्षात बदल आढळला नाही. त्यांच्या त्रुटीच्या अंदाजावर पुढे आक्षेप आले आणि वाद काही वर्षे चालला.

दुसरी वाट रेडिओलहरींची. जुन्नर तालुक्यात, खोडद येथे व आसपास, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. ही दुर्बीण चालवणाऱ्या संस्थेतील जयराम चेंगलूर यांनी निस्सीम काणेकर यांच्यासह २००३ मध्ये हायड्रॉक्सिल रेणूच्या १८ सेंटिमीटर रेषांवरून स्थिरांक पारखण्याची रीत सुचवली. एकाच रेणूच्या अनेक रेषा वेगवेगळ्या स्थिरांकांना वेगवेगळा प्रतिसाद देतात; म्हणून मेघांच्या गतीतील फरकाने होणारी फसगत टळते. पहिली मर्यादा हजारात काही भाग इतकीच ढोबळ होती, पण रीत पक्की होती.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिलीतल्या एस्प्रेसो वर्णपटमापकाच्या निरीक्षणांत ८०० कोटी वर्षांहून अधिक जुन्या प्रकाशातही सूक्ष्मसंरचना स्थिरांक दहा लाखांत एक-दोन भागांच्या अचूकतेने आजच्याइतकाच भरला.